चार बोटं उघडा कोपरा

फिलू,

भांडण अर्धं टाकून गेलीस. चाळीस वर्षांत असं कधी केलं नव्हतंस. एकदा सुरू केलंस की शेवटपर्यंत न्यायचीस, आणि मग माझ्या ताटात मासळीचा मोठा तुकडा वाढून गप्प बसायचीस. या वेळी शेवटचं मीच बोललो. तेही वाकडं.

तुझ्या आत्म्यासाठी देवळात महिन्याची मिस्सा ठेवली होती, त्याच्या आधी रॉबिन म्हणाला होता, "पप्पा, आईबद्दल चार ओळी लिहून द्या. महिन्याच्या मिस्सेला छापून वाटू." कागद घेऊन बसलो. जन्म, लग्न, मरण, एवढं लिहिलं आणि फाडून टाकलं. ते सगळं कबरीच्या दगडावर येणारच आहे, त्याच्यासाठी माझी गरज नाही. मिस्सा परवा होऊन गेली. फादर तुझ्याबद्दल चांगलं बोलले. तू ऐकलं असतंस तर म्हणाली असतीस, ही कोण बाई, मला हिला भेटायचंय.

पण परवा दुपारी जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. म्हणून लिहितोय. गोष्ट त्या लाल गाडीचीच आहे.

पहिला दिवस आठवतो? रॉबिन माणिकपूरच्या फ्लॅटवर राहायला गेला त्याला वर्ष झालं असेल. रविवारची दुपार. नाक्याकडून असा आवाज आला की मला वाटलं, कुणाच्या ट्रकची हवेची नळी फुटली. तू तेव्हा कुठल्यातरी टेम्पोचं हुड शिवत होतीस. मशीन थांबवून म्हणालीस, "आपल्याकडे येतंय."

आली. दोन दारांची, बुटकी, लाल. सेकंडहँड, पण टर्बोवाली. रॉबिन उतरला तो नवरदेवासारखा. मी नमस्कार-चमत्कार न करता बॉनेट उघडलं. कंपनीने दिलेला एअर फिल्टरचा बंद डबा काढून टाकलेला आणि त्या जागी एक उघडा फिल्टर, शंकूसारखा. संध्याकाळी मी तुला समजावून सांगितलं होतं. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक पंखा फिरवतो, त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतो. हवा जितकी थंड, तितकी इंजिनात ताकद. आणि आपल्या शहाण्याने हवा ओढायचं तोंड तापलेल्या टर्बोच्या शेजारी उघडं टाकलं होतं. गाडी स्वतःचाच गरम श्वास परत ओढत होती. डबा नाही म्हणून सगळा आवाज बाहेर. पाय दाबला की घोरायची, पाय सोडला की फुस्स करायची.

"मजा येते, पप्पा. लोक वळून बघतात."

"लोक कुत्रं चावलं तरी वळून बघतात," मी म्हटलं.

तू पदर तोंडाला लावून हसलीस. तेवढंच हसणं झालं त्या गाडीवरून. पुढे सगळं बिघडलं.

ते बिघडवलं मी. शेजारची म्हातारी वारली, तिची अंत्ययात्रा देवळाकडे निघाली होती, माणसं जपमाळ म्हणत चालली होती आणि मागून हा आला. त्याला माहीत नव्हतं, हे मला आज कळतं. माणसं बघून त्याने गाडी थांबवली, पण थांबवताना ते फुस्स झालंच. म्हातारीच्या मुलीने मागे वळून बघितलं. माझं डोकं फिरलं. मी काचेतून हात घातला, चावी काढली आणि आपल्या वाडीतल्या बावखलात फेकून दिली. केळींच्या मागच्या त्या हिरव्या पाण्यात. अख्ख्या गावासमोर. रॉबिन, तिशी ओलांडलेला माणूस, उतरला आणि रिक्षा करून गेला. दुसऱ्या दिवशी मी गॅरेजात नसताना दुसरी चावी आणून गाडी घेऊन गेला.

मग दीड वर्ष आम्ही बोललो नाही. तो दर रविवारी यायचा, तुझ्यासाठी. नाक्यावरून आवाज आला की तू आधण ठेवायचीस आणि मी मागच्या दाराने वाडीत निघून जायचो. एकाच आवाजावर दोघं उठायचो, तू चुलीकडे आणि मी दाराकडे. तू एकदा म्हणालीस, "मिस्त्री, केळी मोजून झाली की ये." गिऱ्हाइकांसमोर मला "अहो मिस्त्री" म्हणायचीस, आणि घरात "मिस्त्री, तू". सगळी ताकद त्या "तू"मध्ये असायची. तरी मी आलो नाही. वाडीत उभा राहून तुमचं हसणं ऐकायचो, कपबशीचा आवाज ऐकायचो. गाडी गेली की घरात यायचो. तू गार झालेला चहा माझ्यासमोर ठेवायचीस. गरम करून नाही द्यायचीस. बरोबर करायचीस.

मग तुझा दम सुरू झाला.

आता हेही लिहितो. डॉक्टरने छातीचा फोटो उजेडात धरला आणि विचारलं, "काम काय करता?" तू म्हणालीस, रिक्षाच्या सीटा शिवते, गाड्यांची कव्हरं, रेक्झिन, फोम. किती वर्षं? लग्न झाल्यापासून. त्याने विचारलं, "शिवायच्या खोलीला खिडकी आहे ना?"

तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "आहे की."

फिलू, खिडकी नव्हती. आपल्या शेडमध्ये एका अंगाला माझं गॅरेज, दुसऱ्या अंगाला पत्र्याचं पार्टिशन घालून तुझं मशीन. तीन बाजूंना भिंत. फोमचा भुगा, चिकटवायच्या सोल्यूशनचा वास, सगळं तिथेच. तू लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी म्हणाली होतीस, रस्त्याच्या बाजूला एक खिडकी पाड. मी म्हटलं होतं, पावसाळ्यानंतर बघू. डॉक्टरने सांगितलं नाही की त्यानेच झालं. तो म्हणाला, कशानेही होऊ शकतं. पण त्याने माझ्याकडे एकदा बघितलं. आणि तू खोटं बोललीस ते माझी लाज राखायला, परक्या माणसासमोर. त्याबद्दल मी तुझ्याशी कधी बोललो नाही. रिक्षात बसल्यावर तू म्हणालीस, "येताना भाजी घ्यायचीय." बस्स.

नंतर डॉक्टरने रॉबिनला बोलावून जे सांगायचं ते सांगितलं. त्याच रविवारी तू आम्हा दोघांना समोर बसवलंस. म्हणजे मी मागच्या दाराकडे निघालो होतो आणि तू खुर्ची दारात आडवी टाकून बसलीस.

"मला अर्नाळ्याला जायचंय," तू म्हणालीस. "किनाऱ्यावर बसायचंय, होड्या बघायच्यात. लग्न झाल्यावर सायकलवरून नेलं होतंस, त्यानंतर होड्यांची ताडपत्री शिवून दिली पण होडी बघायला गेले नाही."

"रिक्षा करू," मी म्हटलं.

"रिक्षा नको. याच्या गाडीतून. पण त्या आवाजाने माझी छाती धडधडते. आधी तो आवाज काढा. दोघांनी मिळून काढा. मग मी बसेन."

रॉबिन म्हणाला, "आई, मी कंपनीचा डबा परत बसवतो, एका दिवसाचं काम."

"मिळतोय का तो?"

"शोधावा लागेल."

"मग शोधू नकोस. बापाला पत्रा कापता येतो."

तुझ्याकडे किती दिवस होते ते आम्हा तिघांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. तेवढ्या दिवसांत ते काम व्हायला हवं होतं. माझ्या हाताखालून शेकडो गाड्या गेल्या, पण दिवस मोजून मी कधी पाना हातात धरला नव्हता.

ऑक्टोबरचं ऊन. शेडचा पत्रा तापलेला. आम्ही दोघं बॉनेटमध्ये डोकी घालून उभे आणि तू पार्टिशनला टेकून स्टुलावर. बोलणं एवढंच: "दहा नंबर." "घ्या." "धर." "धरलाय." मी फिल्टरच्या भोवती पत्र्याचा डबा केला, म्हणजे टर्बोची झळ फिल्टरला लागणार नाही. पुढच्या जाळीतून थंड हवा यावी म्हणून एक जाड पाइप ओढून डब्यात सोडला. टर्बोवर जाड चंदेरी कापड गुंडाळलं, आगीला दाद न देणारं. रॉबिनने स्टार्ट केली. पाइपला हात लावून बघितला, गार. रॉबिनच्या तोंडावर हसू आलं आणि माझ्याकडे बघून त्याने ते गिळलं.

आणि मी तिथे उभा होतो, हातात कापलेल्या पत्र्याची पट्टी. एका गाडीला थंड हवा मिळावी म्हणून मी दोन दिवसांत रस्ता केला होता. माझ्यामागे स्टुलावर तू खोकत होतीस.

आवाज मात्र गेला नव्हता. घोरणं कमी झालं, पण पत्र्याचा डबा ढोलासारखा घुमायला लागला. तेव्हा मी म्हटलं, आतून फोम चिकटवू, आवाज पिऊन टाकेल. तुझ्याच कपाटातला फोम काढला, तुझाच सोल्यूशनचा डबा.

तू उठून आलीस. पार्टिशनपासून गाडीपर्यंत आठ पावलं, तेवढ्यात दोनदा थांबलीस.

"मिस्त्री, चिकटवू नकोस. उन्हात उभ्या रिक्षाच्या सीटचं सोल्यूशन सुटतं. हे तर चुलीशेजारी आहे. टाके घाल."

"पत्र्याला टाके? देवळातला पडदा आहे का हा?"

"भोकं पाडून दे. मी घालते."

"तू बस जाऊन. शिवणकाम वेगळं आणि इंजिन वेगळं."

रॉबिनसमोर बोललो. त्याने पान्याने पान्यावर टकटक केली, एवढंच. तू परत आठ पावलं गेलीस. मी सोल्यूशन लावलं, फोम दाबला, वर हात ठेवून शंभरपर्यंत आकडे मोजले. सकाळी स्टार्ट केली तर गाडी कुजबुजत होती. मी तुझ्याकडे बघून भुवया उडवल्या. इतका गाढव.

त्याच दुपारी निघालो. तू पुढच्या सीटवर, निळी साडी, मांडीवर पाण्याची बाटली. मी मागे, त्या लहान मुलांच्या सीटवर गुडघे छातीला लावून. पहिल्यांदाच आम्ही बाप-लेक एका गाडीत, आणि मध्ये तुझा अंबाडा. आगाशी सोडेपर्यंत कुणी बोललं नाही, पण ते न बोलणं बरं वाटत होतं. तू विचारलंस, "सुक्या मासळीचा वास आला का रे?" रॉबिन म्हणाला, "अजून लांब आहे, आई."

मग गाडी ओढेना. रॉबिन पाय दाबतोय आणि गाडी खोकतेय. दोन झटके दिले आणि बंद. पुन्हा स्टार्ट केली, पुन्हा बंद. एसी गेला. ऊन सरळ काचेवर. तू दार उघडायला गेलीस आणि तुझा हात दाराच्या कडीवरच राहिला. मला मागून तुझे खांदे दिसत होते, वर-खाली, वर-खाली, आणि दोन श्वासांमधलं अंतर कमी होत चाललं होतं.

मला उतरता येईना. दोन दारांची गाडी, पुढची सीट दुमडल्याशिवाय मागचा माणूस सुटत नाही, आणि पुढच्या सीटवर तू; ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटचा खटका मागून सापडेना. मी मागे अडकलेलो. आयुष्यभर गाड्या उघडणारा माणूस. रॉबिन बॉनेट उघडून उभा होता, त्याने ओरडून विचारलं, "पप्पा, काय करू?" दीड वर्षांनी त्याने मला काही विचारलं होतं.

"डबा उघड!"

"हात लागत नाही, भाजतंय!"

मी ड्रायव्हरच्या सीटवरून अंग ओढून काढलं, माझा बूट तुझ्या खांद्याला लागला. बाहेर आलो. पत्र्याचं झाकण उघड्या हाताने उचललं. आतला फोम सुटला होता. गरमीने सोल्यूशन पातळ होऊन फोमचा अख्खा तुकडा फिल्टरवर जाऊन बसला होता, हवेने ओढून गच्च, कुणाच्या तोंडावर उशी दाबावी तसा. मी ओढून काढला आणि मुठीत आवळला. "मार स्टार्टर." एका झटक्यात चालू झाली.

आम्ही अर्नाळ्याला गेलो नाही. सरळ दवाखान्यात. तुझे ओठ जांभळे झाले होते. जाताना तू पुढे बघतच विचारलंस, "काय झालं होतं?"

मी म्हटलं, "पाइप सटकला होता."

रॉबिनने आरशातून माझ्याकडे बघितलं.

"बरं," तू म्हणालीस.

आठ दिवसांनी तू घरी आलीस, ऑक्सिजनच्या मशीनसकट. पहिल्याच दिवशी म्हणालीस, "तो डबा आणा." मी म्हटलं, आता गाडीचं नाव काढू नकोस. तू म्हणालीस, "तुला नाही सांगितलं. रॉबिनला सांगितलं." त्याने रजा टाकली, डबा सोडवून आणला, पत्र्याला काठाने बारीक भोकं पाडली. वरचं पत्र्याचं झाकण तू काढूनच टाकायला लावलंस, तेच घुमतंय म्हणालीस. त्याच्या जागी दोन चंदेरी कापडांमध्ये फोम घालून गोधडीसारखं झाकण करायचं ठरवलंस. फिल्टर काढायला खालून जागा आहे का, तेही विचारून घेतलंस.

प्रश्न दोऱ्याचा होता. नायलॉन वितळेल, सुती जळेल. मी दारात उभा राहून मनात म्हटलं, आता बघू. तू बोट वर केलंस. छताला तो जळलेला पंखा लटकत होता, गेल्या उन्हाळ्यापासून मी काढतो काढतो म्हणत होतो. "त्याच्या पोटातली तार काढून दे," तू म्हणालीस.

तांब्याची तार. मी स्वतः काढून दिली, वेटोळं करून. माझ्या डोक्यात हे सात जन्मांत आलं नसतं.

पाच दिवस शिवत होतीस. नाकात नळी, मांडीवर डबा, हातात दाभण. चार टाके घालायचे, मग डोळे मिटून पडायचं. तुझा टाका मी इतकी वर्षं बघतोय, पण त्या पाच दिवसांत पहिल्यांदा नीट बघितला. दाभण आत घालताना तू श्वास रोखायचीस आणि तार ओढताना सोडायचीस. आधीही असंच करायचीस का? मला माहीत नाही. पावसाळ्यात एकदा मी वसईच्या स्टँडवरच्या एका रिक्षात बसलो होतो, तुझी सीट होती, काठाची दुहेरी शिवण हाताला कळली. रिक्षावाला म्हणाला, "काका, तीन इंजिनं बदलली, सीट तीच आहे." तुला येऊन सांगायचं ठरवलं होतं. विसरलो. आता सांगतो.

पाचव्या दिवशी संध्याकाळी तू डबा माझ्या हातात दिलास. मी काठावरून अंगठा फिरवला, गिऱ्हाइकाला माल देताना फिरवतो तसा. तीन बाजू पक्क्या. चौथ्या कोपऱ्याला शिवण चार बोटं उघडी.

"हे राहिलंय," मी म्हटलं.

"हात दुखला. राहू दे ना तेवढा कोपरा."

"इथून झळ आत जाईल. आवाज बाहेर येईल. अर्धवट काम आपल्या शेडमधून बाहेर जात नाही. उद्या पुरं कर."

तू माझ्याकडे बघत राहिलीस. काहीतरी बोलणार होतीस. मग भिंतीकडे तोंड केलंस.

सकाळी चहा घेऊन आलो तेव्हा ऑक्सिजनचं मशीन चालू होतं, तू नव्हतीस.

"उद्या पुरं कर." चाळीस वर्षांच्या बायकोला शेवटचं हे सांगितलं. कामगाराला सांगावं तसं.

मातीनंतर तिसऱ्या दिवशी रॉबिनने तो डबा बसवला. मी बघायला गेलो नाही. गाडी दारातून निघाली तेव्हा मागून ऐकली. गुरगुर नाही, घुमणं नाही. फक्त एक बारीक शीळ, कुणी दातांतून हवा सोडावी तशी. तुझ्या कोपऱ्यातून येणारी. महिनाभर तो येत राहिला आणि महिनाभर ती शीळ माझ्या डोक्यात. मला वाटायचं, हे माझंच पाप तिथून ओरडतंय. आधी तुला टाके घालू दिले नाहीत, आणि मग पुरं करायला लावलं तर तुला दिवस उरला नाही.

म्हणून परवा मिस्सा झाल्यावर, माणसं जेवून गेल्यावर, मी ठरवलं. तुझं दाभण घेतलं, उरलेली तार घेतली. बॉनेट उघडलं. चार बोटांचं काम, दहा टाके. तुझ्यासारखे नाही आले तरी चालतील. तार ओवली आणि पहिलं भोक शोधलं.

"पप्पा, नको."

रॉबिनने माझं मनगट धरलं. पोर शाळेत जायचं तेव्हापासून त्याने माझा हात धरला नव्हता.

"सोड. झळ आत जातेय. पाइपला हात लाव, कोमट लागतो."

"जाऊ दे झळ."

"काम अर्धं आहे."

"अर्धं नाही. आईने मुद्दाम ठेवलंय."

मी म्हटलं, काहीतरी बोलू नकोस. तो म्हणाला, "मी डबा धरून बसलो होतो ना तिच्यासमोर. शेवटचा कोपरा आला, मी तार पुढे केली, ती म्हणाली, बस, एवढं उघडं ठेवते. मी म्हटलं, आई, आवाज येईल. तर म्हणाली, यायलाच पाहिजे. सगळं बंद केलं तर तू नाक्यावर आलास ते मला कसं कळणार? मी आधण कधी ठेवू?"

माझ्या हातातलं दाभण खाली पडलं. रॉबिनने उचललं.

"मग छाती धडधडते म्हणाली ते?"

"मीही विचारलं. हसली. म्हणाली, तुझ्या बापाला वाडीतून घरात आणायला काहीतरी काम द्यायला लागतं, नुसतं बोलावून तो कधी आलाय?"

"मग मला का नाही सांगितलंस? महिना झाला!"

"तिने सांगितलं होतं, पप्पांना सांगू नकोस. त्यांना उघडी शिवण बघवत नाही, ते शिवून टाकतील." मग तो म्हणाला, "मला वाटलं तुम्ही हात लावणार नाही. आज लावायला निघालात."

आम्ही दोघं बंपरला टेकून बसलो. मग मी त्याला सांगितलं, मला सांगायचं होतं ते तुला, पण समोर तो होता. "त्या दिवशी पाइप सटकला नव्हता. फोम सुटला होता. तिने सांगितलं होतं, टाके घाल."

"तिला माहीत होतं, पप्पा. तिने तुमच्या मुठीत फोम बघितला होता. तुमचा हात भाजलेला पण बघितला. म्हणाली, त्याला कळू देऊ नकोस मला कळलंय."

फिलू, तू मला किती ठिकाणी झाकलंस? डॉक्टरसमोर झाकलंस, पोरासमोर झाकलंस. आणि मी तुझ्या तोंडावर एकदाही म्हटलं नाही की तू सांगितलंस ते बरोबर होतं. आता म्हणतो. चिकटवायला नको होतं. टाके घालायला हवे होते. खिडकी दुसऱ्याच वर्षी पाडायला हवी होती. एवढं म्हणायला मला तोंड होतं आणि वेळ होता, आणि मी म्हटलं नाही. माफ कर असं म्हणत नाही, तू म्हणशील, आता काय उपयोग, जेव.

काल मी तुझ्या खोलीची रस्त्याकडची भिंत फोडली. सकाळपासून छिन्नी घेऊन लागलो. शेजारचे बघायला आले, कुणीतरी म्हणालं, "मिस्त्री, नाताळ तोंडावर आलाय, आता कशाला तोडफोड?" मी छिन्नी मारत राहिलो. दुपारपर्यंत भोक पडलं. चौकट बसवली, गज नाही, काच नाही, नुसती उघडी. मशीनवर ऊन पडलं. किती भुगा निघाला त्या कोपऱ्यांतून, तुला सांगत नाही. तुझं स्टूल होतं तिथेच ठेवलंय.

आज रविवार. त्याच स्टुलावर बसून लिहितोय. रॉबिन येणार आहे, अर्नाळ्याला जायचंय. पुढच्या सीटवर बसा म्हणाला तर मी बसणार नाही, माझी जागा मागे आहे, गुडघे छातीला लावून. तुझा कोपरा तसाच आहे. हाताला अजून खाज सुटते, पण दाभण मी रॉबिनकडे देऊन टाकलंय.

थांब. नाक्याकडून काहीतरी येतंय. खिडकीतून आलं म्हणून ऐकू आलं, नाहीतर कळलं नसतं. बारीक आहे, दातांतून हवा सोडल्यासारखं. तोच.

मागचं दार मी सकाळीच लावून घेतलंय. उठतो आता, आधण ठेवतो.